मीटर अंकल आणि पाच नंबरचं कार्ड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मीटर अंकलचं नाव घेतो. माझे वडील परांड्याच्या बाजार समितीत मापाडी होते. त्यांनी मला बीएस्सीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात पदवी आणणारा मी पहिला. ते ऋण वेगळं, ते फिटावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. पण बहरीनला आल्यावर मी माणूस म्हणून जो काही उभा राहिलो, तो मीटर अंकलमुळे, आणि ज्या भीतीत ते आयुष्यभर जगले त्या भीतीमुळे.

त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. "कागदावर नाव आलं की माणूस सापडतो," असं ते म्हणत.

ते वसईचे. बहरीनच्या मुहर्रक शहरातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत तीसेक वर्षं फोटोग्राफर होते. उंची बेताची, आणि मान कायम जराशी डावीकडे वळलेली, जणू मागून कुणी हाक मारणार आहे. शर्टाच्या खिशात मल्टिमीटर, त्याच्या लाल-काळ्या वायरी खिशाबाहेर लोंबत असायच्या. कोणताही फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्यावर चढवायच्या आधी ते त्याच्या पायाला वायरी लावून व्होल्ट मोजत. काही जुन्या फ्लॅशच्या पायावर दोनशे-दोनशे व्होल्ट असतात आणि नव्या कॅमेऱ्याच्या आतल्या नाजूक सर्किटांना ते सोसत नाहीत, हे खरंच आहे. पण अंकल कालच मोजलेला फ्लॅश आज पुन्हा मोजत. चांगल्या फ्लॅशला पांढरी कागदी टेप आणि तिच्यावर आकडा. वाईटाला गुलाबी टेप. गुलाबी टेप लागली की त्या फ्लॅशचं आयुष्य संपलं. तो कपाटाच्या खालच्या खणात जाई आणि पुन्हा कुणाच्या हाताला लागत नसे.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "अंकल, एकदा मोजलं की पुरे नाही का? भौतिकशास्त्रात तर..."

"तू बीएस्सी ना?" ते म्हणाले. "मग तू पुस्तक सांभाळ. मी कॅमेरा सांभाळतो."

तेव्हापासून माझं नाव बीएस्सी पडलं.

असं का करतात, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हाची गोष्ट. चर्चमध्ये लग्न होतं. नवरी वेदीकडे यायला निघाली, यांनी जुना फ्लॅश चढवला, बटण दाबलं आणि कॅमेरा मेला. दुसरा कॅमेरा नव्हता. "त्या बाईच्या लग्नाचा एक फोटो नाही," अंकल म्हणाले. "ती मनामाच्या बाजारात कुठं दिसली की मी अजून रस्ता ओलांडतो." हे सांगतानाही त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

भीती त्यांच्या सगळ्या अंगात होती. फोनवर 'शूट' हा शब्द त्यांना चालत नसे. "काम म्हण. ऐकणारा काय समजेल?" विमानतळाच्या रस्त्याला लागलो की मोठी लेन्स सीटखाली जाई. जुफैरला जायचं तर मुहर्रकहून पूल ओलांडून सरळ रस्ता आहे, पण तो नौदलाच्या तळाच्या बाजूने जातो. कॅमेरे गाडीत असताना अंकल त्या रस्त्याने कधी जात नसत. मनामातून सगळा वळसा घालून, सिग्नलला थांबत थांबत जात. "अंकल, बंद बॅगेतला कॅमेरा कुणाला दिसतोय?" असं म्हटलं की म्हणत, "मला दिसतो ना."

शुक्रवारी सकाळी झिंजमधल्या एका कॅफेटेरियात आम्हा फोटोवाल्यांची बैठक असे. मराठी, मल्याळी, एखादा पंजाबी. समोर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, आणि टेबलावर एवढ्या लेन्स मांडलेल्या की बशी ठेवायला जागा नसे. दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवरून दोन पक्ष होते. एकांच्या लेन्सला लाल रिंग, दुसऱ्यांच्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं. लाल रिंगवाला म्हणायचा, अंधारात तुमचा फोकस आंधळा. पिवळ्या पट्ट्याचा म्हणायचा, तुमच्या फोटोत सगळे लोक कावीळ झाल्यासारखे दिसतात. ह्याचा ट्रिगर त्याच्या फ्लॅशला चालत नाही, त्याचा फ्लॅश ह्याच्या बॉडीवर अर्धाच पेटतो, यावरून आवाज चढायचे. अंकल मधे बसून आलेल्या प्रत्येक फ्लॅशला वायरी लावत.

थॉमस नावाचा एक दांडगा, हसरा फोटोग्राफर होता. कंपन्यांची कामं करायचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल, शादी से पहले आंटी को भी मीटर लगाया था क्या?"

"लगाया था," अंकल शांतपणे म्हणाले. "इसीलिए तीस साल में फ्यूज नहीं उड़ा."

सगळे टेबल बडवून हसले.

याच टेबलावर मी त्यांचा अपमान केला. स्टुडिओत नवीन कॅमेरा घ्यायचा होता. माझं म्हणणं, दोन कार्डांचा घ्यावा. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उमटतो, एक बिघडलं तरी दुसरं हाताशी. अंकलना एका कार्डाचाच हवा होता.

"एक खिसा असला की माणूस तपासतो," ते म्हणाले. "दोन असले की समजतो, दुसऱ्यात असेल."

"अंकल, तुमचा जमाना फिल्मचा होता," मी म्हणालो. "आता भीतीवर नाही, सिस्टिमवर काम चालतं."

टाळ्या पडल्या. थॉमसने माझ्या पाठीवर थाप मारली. अंकलनी वायरी गुंडाळून मीटर खिशात ठेवला आणि चहा पिऊ लागले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते. पुढच्याच महिन्यात अरबाबनी, म्हणजे आमच्या बहरीनी मालकांनी, दोन कार्डांचा कॅमेरा घेतला.

आता आमच्या स्टुडिओची एक रीत सांगायला हवी. इथल्या लग्नांत बायकांचा हॉल वेगळा असतो. तिथं बायका मोकळ्या असतात, केस सोडलेले, अंगावर हवे ते कपडे. पुरुषाने आत जायचं नाही, आणि ते फोटो परक्या पुरुषाच्या नजरेला कधीही पडायचे नाहीत. आमच्याकडे हे काम लोर्ना मॅडम करत. त्याही नायगाव-वसईकडच्याच. काम झालं की त्या कार्ड एका स्टीलच्या डबीत ठेवून वर चिकटपट्टी लावत आणि पट्टीवर सही करत. पडद्यामागच्या खोलीत फक्त त्या ती डबी उघडत. अल्बम आणि कार्ड दोन्ही घरच्यांच्या हातात जात. स्टुडिओत एकही प्रत राहत नसे. फिल्मच्या काळात रोल धुवायला डार्करूममध्ये बाईच असे, आणि अंकल बाहेर दाराकडे पाठ करून उभे राहत. तास तास. दार बंद असायचं, तरी पाठ. मुहर्रकमधली जुनी घराणी आमच्याकडे येत ती यासाठी.

त्या गुरुवारी एका मोठ्या घरचं लग्न होतं. लोर्ना मॅडमना मी नवीन कॅमेरा दिला. आत चार आणि पाच नंबरची कार्डं घातली. आमच्या प्रत्येक कार्डावर अंकलनी नंबर चिकटवलेले असत. फोटो दोन्ही कार्डांवर जातील असं सेटिंग मीच केलं. आणि ते मॅडमना सांगायला विसरलो. वर्षानुवर्षं एका कार्डाची सवय असलेल्या मॅडमनी काम झाल्यावर चार नंबर काढलं, डबीत घातलं, सही केली. पाच नंबर कॅमेऱ्यातच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मी तो कॅमेरा कौतुकाने झिंजच्या बैठकीला नेला. थॉमसला शनिवारी जुफैरच्या एका हॉटेलात कंपनीच्या फॅमिली डेचं काम होतं, त्याने दोन दिवसांसाठी मागितला. कॅमेरा बाहेर देताना त्याचं पोट, म्हणजे कार्डांचं झाकण, उघडून बघायचं, हा अंकलचा नियम. अंकल तेव्हा चहा आणायला काउंटरवर गेले होते. मी न उघडताच दिला. थॉमस म्हणाला, "सिस्टिमवाले, थँक यू."

शनिवारी सकाळी स्टुडिओत मी कार्डांचं पाकीट उघडलं. मॅडमच्या डबीत गेलेल्या चार नंबरची जागा रिकामी असणार होती. पाच नंबरचीही रिकामी होती.

मला कळायला एक क्षण लागला. परक्या घरातल्या दोनशे बायकांचे फोटो थॉमसच्या हातात, आणि थॉमस एका हॉटेलात, पाचशे लोकांमध्ये. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. काम करताना तो फोन सायलेंट ठेवतो हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. डोळ्यांसमोर माझा व्हिसा होता, विमानतळ होता, आणि परांड्याच्या स्टँडवर मला न्यायला आलेले वडील होते. कुणाला न सांगता मी खणातलं एक जुनं कार्ड काढलं आणि पाकिटातल्या पाच नंबरच्या जागी सारलं.

अंकल आले, पाकीट उघडलं, आणि त्यांनी ते कार्ड दोन बोटांनी वर काढलं.

"याच्यावर नंबर नाही. पाच कुठंय?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "हॉटेल कुठलं?" आणि गाडीची किल्ली घेतली.

पुलावर आल्यावर मी म्हणालो, "अंकल, मनामाकडून ना?"

गाडी सरळ गेली. मागच्या सीटवर त्यांच्या दोन कॅमेऱ्यांची बॅग होती, ती काढायलाही ते थांबले नव्हते. तळाची भिंत जवळ आली तसं ट्रॅफिक मंदावलं. पुढे रस्त्याच्या कडेला गाड्या बघणारा एक गणवेशातला माणूस उभा होता. अंकलचे ओठ हलत होते. मला "नमो मरिये, नमो मरिये" एवढंच ऐकू आलं. त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, हाताने 'चला' अशी खूण केली. अंकलनी गाडी पुढे काढली, पण पुढचा सिग्नल येईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नसावा. तीस वर्षं टाळलेला रस्ता चार मिनिटांत संपला.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा मुलांचा नाच संपला होता आणि स्टेजवर मोठा पडदा होता. थॉमस काढलेले फोटो अधूनमधून लॅपटॉपवरून त्या पडद्यावर दाखवत होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी तो घामाघूम होऊन आमच्याकडे वळला.

"बीएस्सी! कैसा कैमरा दिया? मेरा खाली कार्ड डाला, फिर भी बोलता है कार्ड फुल! दूसरे में क्या भर के रखा है, अभी देखता हूँ."

पाच नंबरचं कार्ड त्याच्या बोटांत होतं. बोटं लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर. लॅपटॉपची वायर पडद्याला जोडलेली.

"थॉमस!" अंकल खेकसले. "बिना मीटर कुछ नहीं जोड़ने का!"

थॉमसच्या मदतीला आलेले दोघंतिघं फोटोग्राफर फिदीफिदी हसले. थॉमसने कपाळाला हात लावला. "अंकल, ये कार्ड है, फ्लैश नहीं!"

"कार्ड फुल क्यों बोलता है? करंट आता होगा. रख इधर. पहले प्लग देखेगा." अंकलनी खिशातून मीटर काढला. वायरी सोडवल्या. थॉमसने छताकडे बघत कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आंटी को सलाम है." सगळे आणखी हसले. अंकल टेबलाखाली वाकून लॅपटॉपच्या प्लगला वायरी लावत होते, आकडा मोठ्याने वाचत होते. उभे राहताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि मग कार्ड टेबलावर नव्हतं. "ये कार्ड खराब है, मैं ले जाता हूँ," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातलं रिकामं कार्ड थॉमसला दिलं. त्यावर त्याने आमच्यासमोर फोटो काढून पाहिला. कॅमेरा सुरळीत चालू झाला.

"देखा?" अंकल म्हणाले.

"देखा, देखा. डॉक्टर अंकल," थॉमस म्हणाला.

माणसं त्यांच्या विक्षिप्तपणाला इतकी सरावली होती की कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

पार्किंगमध्ये मी जवळजवळ रडतच म्हणालो, "अंकल, गाडीत तुमचा कॅमेरा आहे. यात घालून पुसून टाकू. एक बटण. कुणाला कधी कळणार नाही."

"ते बघायचा हक्क आपल्याला नाही, तसा पुसायचाही नाही," ते म्हणाले. "ते कार्ड कुठं कुठं फिरलं, हे त्या घरच्यांना कळायला पाहिजे. तू अरबाबना सांगणार. मी नाही. तू."

मग ते एका खांबाजवळ गेले आणि माझ्याकडे पाठ करून दोन मिनिटं फोनवर बोलले. मला वाटलं, घरी बोलत असतील.

परतताना पुन्हा तोच रस्ता.

अरबाबच्या केबिनमध्ये लोर्ना मॅडम आधीच बसलेल्या होत्या. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. अंकल आत आले नाहीत. काचेच्या दाराबाहेर पाठ करून उभे राहिले.

"बोलो," अरबाब म्हणाले.

मी सांगितलं. सेटिंग, थॉमस, हॉटेल, पडदा. अरबाब टेबलावरच्या कार्डाकडे बघत होते, हात लावत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "लोर्ना को मालूम था, दूसरा कार्ड है?"

मी वर, काचेच्या दाराकडे पाहिलं.

"मालूम नहीं था," मी म्हणालो. "मैंने बताया ही नहीं."

मॅडमनी डोळे मिटले.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. स्टुडिओचा फोन वाजला की मी उठून उभा राहायचो. आयडी कार्ड खिशात असूनही पुन्हा पुन्हा चाचपायचो. मॅडम ते कार्ड घेऊन नवरीच्या आईकडे गेल्या आणि सगळं खरं सांगून आल्या. त्या बाईंनी म्हणे स्वयंपाकघरातून खलबत्ता मागवला आणि कार्ड स्वतःच्या हाताने कुटलं. चौथ्या दिवशी अरबाब बाहेर येऊन मला म्हणाले, "खलास. काम करो." वर्षभर मला बायकांच्या कामाच्या कुठल्याच कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. ते योग्यच होतं.

यानंतर दोन वर्षांनी अंकल वसईला कायमचे परतले. जाताना मीटर मला दिला. विमानतळावर त्यांना सोडून येताना गाडीत लोर्ना मॅडम म्हणाल्या, "तुला माहितेय ना, त्या दिवशी त्यांनी पार्किंगमधून कुणाला फोन केला होता?" मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. सहा महिने मी काय लिहावं याचा विचार करत होतो. शेवटी हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप अंकल यांस,

शि. सा. नमस्कार.

पाकिटावर तुमचं पूर्ण नाव लिहावं लागलं, त्याबद्दल माफ करा. त्याशिवाय टपाल पोचत नाही.

मी ठीक आहे. लोर्ना मॅडम ठीक आहेत. कॅमेरा बाहेर देताना त्याचं पोट मी उघडतो. थॉमस तुमची आठवण काढतो आणि आता स्वतःहून फ्लॅश मोजायला आणतो. हसत आणतो, पण आणतो.

त्या फोनबद्दल मॅडमनी मला सांगितलं. तुम्ही अरबाबना म्हणालात, 'मुलगा येऊन सगळं स्वतः सांगेल. त्यात एक शब्द खोटा निघाला तर त्याच्याबरोबर माझाही व्हिसा रद्द करा.' तुमची मुलगी तेव्हा तुमच्या पगारावर नर्सिंगला शिकत होती, हे मला माहीत होतं.

अंकल, तुम्हाला माहीत नाही ते सांगतो. पुलावर तुम्ही प्रार्थना म्हणत होता तेव्हा मी शेजारी बसून एक वाक्य जुळवत होतो: 'मी मॅडमना सांगितलं होतं, त्या विसरल्या.' परत येताना ते मी पाठ केलं. साक्षीला कुणी नव्हतं, माझा शब्द चालला असता. अरबाबनी विचारलं तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी वर पाहिलं तर काचेतून तुमची पाठ दिसली. हात मागे बांधलेले, बोटांना मीटरच्या वायरी गुंडाळलेल्या, आणि ती बोटं थरथरत होती. मला वाटलं, हे माझ्यासाठी घाबरलेत. तेवढ्यावर माझ्या तोंडून खरं निघालं. तुम्ही कशासाठी घाबरला होतात ते मॅडमनी सांगितल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

चर्चमधल्या त्या लग्नापासून तुम्ही मोजल्याशिवाय कशालाच काही जोडलं नाही. मला मात्र न मोजता स्वतःला जोडून घेतलंत. त्या सकाळी मोजलं असतंत तर माझ्यावर गुलाबी टेप लागली असती.

तुमचा,
बीएस्सी